आंब्याला वाळवी लागली तर

बागेतल्या एखाद्या झाडाच्या बुंध्यावर मातीचा पापुद्रा चढलेला दिसला, की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते असं, "संपलं हे झाड. वाळवी लागली त्याला." आणि लगेच दुसरं, "तोडून टाका, नाहीतर घरात शिरेल." या दोन वाक्यांच्या मध्ये थोडा वेळ काढावा, एवढीच माझी आजची विनंती आहे. त्या वेळात काय पाहायचं, ते मी एका आंब्याच्या झाडावरून सांगणार आहे.

हा आंबा ठाण्यातल्या नौपाड्याचा. गोखले रोड, राम मारुती रोड यांच्या आजूबाजूला पूर्वी वाड्या आणि बंगले होते. प्रत्येक आवारात आंबा, फणस, दोनचार नारळ असायचे. आता बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्याही जुन्या पाडून नव्या होताहेत. आमची इमारत तीन मजली. ती बांधताना जुन्या मालकांनी आवारातला एक रायवळ आंबा तेवढा राखला. फळ आंबटच, पण लोणच्याला उत्तम. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर, तळमजल्यावर राहणारा, त्यामुळे त्या झाडाची ऊठबस माझ्या खिडकीतूनच होते.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात शेजारचे काका सकाळी मला हाक मारायला आले. बुंध्यावर पुरुषभर उंचीपर्यंत ओल्या मातीचा लेप दिल्यासारखं दिसत होतं. काकांनी किल्लीनं थोडी माती खरवडली. आत पांढरट किड्यांची धांदल उडाली. वर पाहिलं तर रस्त्याकडची एक फांदी पार वाळून गेलेली. त्याच आठवड्यात सोसायटीच्या सभेत विषय निघाला, की झाड तोडण्याची परवानगी मागावी. मागणी करणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. २०१७ च्या जुलै महिन्यात, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पाचपाखाडीत झाड अंगावर पडून एका तरुण वकिलाचा प्राण गेला होता. आमच्या आंब्याखालून रोज मुलं शाळेच्या बसकडे धावत जातात. भीती खरी होती. मी सभेला पंधरा दिवसांची मुदत मागितली, आणि ती मिळाली.

आता आधी वाळवीची ओळख करून घेऊ. कुठे तिला उधई म्हणतात, कुठे वाळवी. पांढरी मुंगी असंही म्हणतात, पण ती मुंगी मुळीच नव्हे. शास्त्रज्ञ तिला झुरळाच्या कुळात घालतात, आणि मुंगी तर तिची हाडवैरी आहे. वाळवीचं राज्य जमिनीत असतं. एक राणी, एक राजा, थोडे शिपाई आणि असंख्य कामकरी. राणी बोटाएवढी जाड होते, तिला जागचं हलताही येत नाही. ती दिवसाला हजारोंनी अंडी घालते आणि कित्येक वर्षं जगते. कामकरी आंधळे असतात, त्यांची कातडी इतकी पातळ, की उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात ते पाहता पाहता सुकून जातात. म्हणून ते जातील तिथे मातीचं छप्पर बांधत जातात. झाडावर आपल्याला जी माती दिसते, ती झाड खाण्यासाठी लावलेली नसते. तो त्यांचा झाकलेला रस्ता आहे, मांडव म्हणा.

आणि ही वाळवी खाते काय? आपल्या शेताबागांत जी वाळवी मुख्यतः आढळते, तिला लाकूड स्वतःच्या पोटात नीट पचवता येत नाही. ती ते चावून घरट्यात नेते, त्याचे मधमाशांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र गोळे करते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. बुरशी लाकूड कुजवून मऊ करते, मग वाळवी ते खाते. थोडक्यात, ती शेतकरी आहे. आपण शेती शिकण्याच्या कितीतरी आधीपासूनची शेतकरी. याच बुरशीची छत्री पावसाळ्यात वारुळावर उगवते. कोकणात, गोव्यात ती अळंबी लोक किती आवडीनं आणि किती महाग घेतात, हे तुम्हांला सांगायला नको. त्या अळंबीची लागवड माणसाला अजून वाळवीसारखी साधलेली नाही.

वारूळही तिचंच. आपण म्हणतो मुंग्यांचं वारूळ, नागोबाचं वारूळ. नागपंचमीला बायका वारुळाला जातात. पण बांधकाम वाळवीचं, नाग तिथे आयता राहायला येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. वाळवीला आवडतं ते मेलेलं लाकूड. मोठं, जोमदार झाड असेल तर तिचं खाणं बहुतेक वेळा बाहेरच्या मेलेल्या सालीपुरतं असतं. आंब्याची जाड, भेगाळलेली वरची साल म्हणजे झाडाचं जुनं कातडंच. ती खाल्ली म्हणून झाड मरत नाही. माती झटकून साल नखानं किंवा चाकूच्या टोकानं किंचित खरवडून पाहा. आत हिरवी, ओली साल लागली तर झाड जिवंत आहे आणि वाळवी अजून अंगणातच आहे, घरात शिरलेली नाही. पण आत कोरडं, तपकिरी, भुसभुशीत लागलं, तर तो भाग आधीच मेलेला आहे. वाळवी तिथे नंतर आली. ज्यानं तो भाग मारला तो दुसराच कोणी, आणि त्याला शोधायला हवं.

कोकणातल्या बागाईतदारांना इथं एक शंका येईल, की भिरूड लागला तरी झाड वाळतं, मग फरक कसा ओळखायचा? सोपं आहे. भिरूड, म्हणजे खोडकिड्याची अळी, जिवंत लाकूड पोखरते. तिच्या छिद्रातून ओला भुसा बाहेर पडतो, डिंक गळतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला तर भिरूड, माती दिसली तर वाळवी. भिरूड असेल तर दिरंगाई करू नका, छिद्रात तार घालून अळी काढावी लागते. भिरडाचं झाड वाळवीचं समजून लोक नुसती माती पुसत बसतात, आणि झाड हातचं जातं.

आमच्या आंब्याला भुसा नव्हता, डिंक नव्हता. मग फांदी का वाळली? याचं उत्तर मला सापडलं नाही, ते सापडलं येऊरच्या पाड्यावरून बागकामाला येणाऱ्या मामांना. शाळेची पायरी त्यांनी फारशी पाहिलेली नाही. ते झाडाभोवती दोन फेऱ्या मारून मला म्हणाले, "मास्तर, झाडाचे पाय कुठं हायत?"

मी म्हटलं, "पाय म्हणजे?"

"जमिनीतनं झाड वर येताना पाय फाकून येतं. ह्ये बघा, खांबावानी सरळ आलंय. गळ्याइतकं पुरलंय याला."

अगदी खरं होतं. कोणतंही मोठं झाड पाहा, जमिनीशी त्याचा बुंधा रुंदावतो, मुळांचे खांदे वर दिसतात. आमचा आंबा डांबरी रस्त्यातल्या विजेच्या खांबासारखा सरळ वर आला होता. मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा झाडाभोवती सुबक पार बांधला होता, लोकांनी संध्याकाळी बसावं म्हणून. पारात भर घातली. त्या कल्पनेला सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होतो, हे लपवत नाही.

मामांनी पाराची एक बाजू उकरली. दीड फूट खाली गेल्यावर झाडाचे पाय लागले. वरच्या भरावात विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, आणि त्यात सेंट्रिंगच्या कुजक्या फळ्यांचे तुकडे. त्या फळ्या उचलल्या तर खाली वाळवीच वाळवी. आम्ही स्वतःच्या हातांनी तिला झाडाच्या गळ्याशी जेवण वाढून ठेवलं होतं. पुरलेली साल ओलीनं कुजली होती. मुळांना हवा मिळत नव्हती. बाहेरून ब्लॉक इतके घट्ट, की ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असूनही त्यातलं फार थोडं पाणी मुळांपर्यंत जात असणार. उरलेलं गटारात. आणि दिवाळीपासून मृगापर्यंत तर थेंब नाही. झाड तहानलेलं, गळा आवळलेला. वाळवी आली ती शेवटी.

शहरात ही चूक घरोघर आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबद्दल आदेश दिला, की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट असू नये, असेल ते काढावं. गावातही मी पाहतो, देवळापुढच्या वडापिंपळाला भक्तिभावानं सिमेंटचा पार बांधतात, गळ्यापर्यंत भर घालतात आणि वर फरशी बसवतात. पार बांधू नये असं नाही. जुन्या लोकांचे पार दगडांचे, मोकळ्या सांध्यांचे असत, पाणी झिरपायला वाट असे. निदान बुंध्याभोवती हातभर मोकळी जागा आणि मूळच्या जमिनीची पातळी, एवढं राखावं.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. पार फोडला. भराव हातांनी काढला, कुदळ लावली नाही, कारण मुळं दुखावतात. लाकडाचा प्रत्येक तुकडा वेचून आवाराबाहेर नेला. चारी बाजूंना एक मीटर ब्लॉक उचलले. बुंध्यावरचे मातीचे मांडव काथ्याच्या ब्रशनं झाडून टाकले. हे झाडणं क्षुल्लक वाटेल, पण वाळवीचा रस्ता मोडला की ती उघडी पडते, आणि मुंग्या, पाली, चिमण्या तिची वाट पाहतच असतात. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी झाडावं लागलं. रोज रात्री ती पुन्हा बांधायची. मग दोन दिवसांआड, मग आठवड्यानं.

वाळलेली फांदी काढायला मात्र आम्ही करवत उचलली नाही, आधी अर्ज केला. श्रोतेहो, हे ध्यानात ठेवा. शहरात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्या आवारात असलं तरीही. २०२१ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष म्हणून धरली गेली. गावाकडे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबाही आहे. परवानगीचे कागद करण्याचा आणखी एक फायदा होतो. जाणकार माणूस येऊन झाड पाहतो. आमच्याकडे आलेल्यांनी लाकडी हातोडीनं बुंधा चहूकडून ठोकून पाहिला. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ असेल तर ढोलासारखं. ते म्हणाले, बुंधा भरीव आहे, फांदी काढा, झाड ठेवा. ढोलासारखा वाजला असता, किंवा एका बाजूची मुळं कुजून झाड कललं असतं, जमिनीला भेग पडली असती, तर मीच सभेत तोडण्याच्या बाजूनं हात वर केला असता. झाडाची माया माणसाच्या जिवाहून मोठी नाही.

फांदी तिच्या मुळाशी, फुगवटा राखून, साफ कापली. कापाला बोर्डोमलम लावलं. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो आणि पाणी दहा लिटर. आपल्याला एका झाडाला त्याच्या दहाव्या हिश्शानंही भागतं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवायचे, लोखंडाचं भांडं वापरायचं नाही, आणि मग दोन्ही एकत्र ढवळायचे. शिक्षक मंडळींनी हे मुलांसमोर जरूर करावं. मिश्रणात लोखंडी चाकूचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे, आणखी चुना घाला. लोखंड तांब्याला बाहेर काढतं, हा धडा फळ्यावर लिहून जितका समजत नाही तितका त्या पात्यावर दिसतो. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि ढवळण्याचं काम शिक्षकांनीच करावं. हेच मलम आम्ही बुंध्याला दोन हात उंचीपर्यंत फासलं. झाडाला ढोली असती तर ती सिमेंटनं भरली नसती. तशी भरण्याची चाल होती, पण आत पाणी अडून लाकूड आणखी कुजतं.

आता औषधाचं विचाराल. पूर्वी अशा भाषणात वक्ता सांगे, बी.एच.सी.ची भुकटी टाका, ऑल्ड्रीन ओता, आणि लोक ओतीत. ऑल्ड्रीनवर आपल्या देशात १९९६ साली बंदी आली, बी.एच.सी.वर १९९७ साली. ही विषं मातीत वर्षानुवर्षं राहतात, विहिरीत उतरतात, दुधातून लेकरांच्या पोटात जातात. त्यांच्या जागी आलेलं क्लोरपायरिफॉस सर्रास वापरलं गेलं. तेही २०२५ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय करारानं, काही सवलती ठेवून, टाळावयाच्या विषांच्या यादीत घातलं. माझं मत असं, की ज्या झाडाचं फळ आपण खातो आणि ज्याच्या शेजारी विहीर किंवा बोअर आहे, त्याच्या मुळाशी विष ओतण्याआधी दहादा विचार करावा. अगदी गरज पडली तर कृषी अधिकाऱ्यांना विचारून, डब्यावरच्या लेबलात लिहिलं असेल तेवढंच. रॉकेल, डिझेल, गाडीचं जळकं तेल ओतणारेही आहेत. त्यानं वाळवी दोन दिवस हटते आणि मुळं कायमची जळतात.

आमच्याकडे आम्ही मातीत निंबोळी पेंड मिसळली आणि मेटारायझियम नावाची बुरशी शेणखतातून घातली. ही बुरशी किड्याच्या अंगावर रुजून त्याला मारते. खत मात्र पुरतं कुजलेलं हवं. कच्चं शेणखत म्हणजे वाळवीला आमंत्रणपत्रिकाच.

नवी कलमं लावणाऱ्या बंधूंना दोन शब्द वेगळे सांगतो, कारण तिथे माझं वरचं सगळं धीराचं बोलणं लागू पडत नाही. वाळवी मोठ्या झाडाला मारत नाही, पण पहिल्या दोनतीन वर्षांतलं कलम ती खरोखर मारते. उसाचं बेणं, भुईमूग, कोरडवाहू गहू यांनाही ती सोडत नाही. माझं मूळ गाव संगमेश्वराकडचं. बाबांनी एका वर्षी वरकस जमिनीत कलमं लावली. प्रत्येकाला आधाराला काठी रोवली. चैत्रात पाहतो तो काठ्यांना वाळवी, आणि काठीवरून कलमाला. तेव्हापासून ते काठीचं जमिनीत जाणारं टोक डांबरात बुडवूनच रोवत. खड्ड्यात पालापाचोळा, जुनी मुळं राहू देत नसत, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवत नसत. कलम कोमेजलं की वाळवीला त्याचा वास लागतो, असं ते म्हणत. वासाचं मला सांगता येणार नाही, पण तहानलेलं रोप आधी बळी पडतं, हे खरं.

बागेतच वारूळ असेल तर वरचं शिखर फोडून काही होत नाही, चार दिवसांत ते पुन्हा उभं राहतं. खाली खणत जाऊन राणीची टणक मातीची कुपी काढावी लागते. खणताना सापाचा विचार करा आणि एकट्यानं जाऊ नका. बांधावरचं, झाडांपासून लांबचं वारूळ मात्र माझ्या मते राहू द्यावं. पालापाचोळ्याची माती करण्याचं काम ती फुकट करते, शिवाय आषाढात अळंबी.

आणि एक मडक्याची युक्ती आहे, शाळेच्या बागेत करण्याजोगी. दाणे काढलेली मक्याची कणसं ओली करून एका मडक्यात भरा, तोंडाला भोकं पाडलेलं फडकं बांधा आणि मडकं झाडापासून चार हातांवर, तोंड खाली करून, जमिनीत पुरा. वाळवी जवळचं, मऊ, ओलं खाणं आधी पसंत करते. दोनतीन आठवड्यांनी मडकं काढलं की त्यात हजारो सापडतात. कोंबड्यांना घाला. मुलांना भिंगातून शिपाई आणि कामकरी वेगळे ओळखायला लावा. अमेरिकेतल्या शाळांत एक गमतीचा प्रयोग करतात. कागदावर बॉलपेननं वेडीवाकडी रेघ ओढायची आणि वाळवी सोडायची. काही शाईंचा वास तिच्या माग काढण्याच्या वासासारखा असतो, म्हणून ती रेघेवरूनच चालते. आपल्याकडची वाळवी कोणत्या पेनला फसते, ते मुलांनी करून पाहावं.

आमच्या आंब्याची हकिकत पुरी करतो. पहिल्या वर्षी मोहोर आलाच नाही. सभेत दोघांनी मला त्याची आठवण करून दिली. यंदा माघात आला, तोही मागच्या, म्हणजे उत्तरेकडच्या अंगालाच. लोणच्यापुरत्या कैऱ्या मिळाल्या. त्या प्रत्येक घरी चार चार वाटल्या, तोडा म्हणणाऱ्या काकांकडे पाच. काकूंनी बरणी भरली.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या रात्री जिन्यातल्या दिव्याखाली पंखवाल्या वाळवीचा खच पडला होता. नवे राजे आणि नव्या राण्या वरातीला निघाल्या होत्या. सकाळी पायऱ्यांवर नुसते पंख. मी चष्मा लावून आंब्याकडे गेलो. मुळाच्या एका खांद्यावरून बोटभर लांबीची मातीची रेघ वर निघाली होती, ओली होती. कोपऱ्यातला ब्रश घेतला आणि झाडून टाकली. आता दर रविवारी सकाळी चहाच्या आधी एक फेरी मारतो.